पाव्हणं, गोल झाला तरी गप बसायचं!

नागपूरचा प्रेक्षक, कोल्हापूरचा फुटबॉल आणि बसायला जागा मिळाली ती नेमकी विरोधी पेठेच्या पोरांत. म्हणायला सामना ‘मैत्रीपूर्ण’ होता...

महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरहून कोल्हापूरला जायचं म्हणजे एक आख्खा दिवस आणि वर एक रात्र. अंतर हजार किलोमीटरहून जास्त. वर्ध्यापर्यंत डब्यात ‘काऊन बे’ ऐकू येतं. मनमाड गेलं की बोली बदलते, पुण्यानंतर आणखी बदलते आणि मिरजेच्या पुढे कुणीतरी ‘काय भावा’ म्हणत सरळ खांद्यावर हात टाकतं. राज्य एकच, पण आख्खं आयुष्य बर्डी ते धरमपेठ या पट्ट्यात काढलेल्या माझ्यासारख्या पोराला हा परदेशच!

हॉस्टेलमधला माझा रूममेट कोल्हापूरचा. सुट्टीत घरी गेला की पेठेच्या संघात खेळतो. खेळतो म्हणजे काय, वर्षभर बाकावरच बसलेला. एक दिवस त्याचा फोन आला, ‘रविवारी मॅच आहे, ये. या वेळी उतरवणार आहेत मला.’

‘कोणता कप?’

‘कप नाही रे. मैत्रीपूर्ण आहे.’

मैत्रीपूर्ण! मी निर्धास्त झालो. तिथेच चुकलं.

सामना कोणत्या दोन संघांचा होता आणि कोणत्या मैदानावर, ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या वेळी रंकाळ्यावर भेळ खायला जाता येणार नाही. एवढंच सांगतो की रूममेटचं घर एका पेठेत आणि त्याच्या आईचं माहेर दुसऱ्या पेठेत. सामना याच दोन पेठांचा. रूममेट सकाळीच संघाबरोबर निघून गेला, त्यामुळे मला मैदानावर न्यायची जबाबदारी आली मामांवर. म्हणजे माहेरच्या पेठेवर.

गाडीवर मागे बसताना मी विचारलं, ‘मामा, आपण कुणाकडून?’

‘आपण म्हंजे? आमी आमच्याकडनं. तुमी पाव्हणं. गोल झाला तरी गप बसायचं.’

आखाडा म्हणजे तालीम

कोल्हापुरातल्या संघांची नावं पहिल्यांदा ऐकली की गोंधळ होतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. मला वाटलं होतं, ही कुस्तीची नावं असणार. तसं ते चूकही नाही. आपण नागपुरात ज्याला आखाडा म्हणतो, ती तिकडची तालीम. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठेपेठेत तालमी होत्याच. पुढे फुटबॉल आला, तो याच तालमींच्या पोरांनी उचलला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळे तिला ‘केएसए’ म्हणतात. शहराची लीग आजही तीच भरवते. हंगामात शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारपासून गाड्यांची रांग लागते. परदेशी खेळाडूही इथल्या संघांकडून खेळून गेलेत. वर्ल्ड कप आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांवरून गल्ल्यांची वाटणी होते, ते वेगळंच.

याच शहरातून अनिकेत जाधव निघाला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला. भारताचा फुटबॉल संघ फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा खेळला तो तेव्हा, आणि त्या संघात अनिकेत होता. त्यामुळे इथल्या प्रत्येक गल्लीतल्या पोराला वाटतं की आपणही जाऊ शकतो. आईबापांना मात्र वाटतं की आधी डिग्री घे.

तोंडातून निघालंच

मैदानाच्या एका बाजूला एक पेठ, समोर दुसरी. मधे पोलिसांची गाडी. मैत्रीपूर्ण सामन्याला पोलिसांची गाडी कशाला, असं मी विचारलं तर मामा म्हणाले, ‘मैत्री टिकावी म्हणून!’

हलगी सुरू झाली आणि पुढचं मामांचं बोलणंच ऐकू येईना. माझ्या एका बाजूला बँकेत नोकरी करणारे एक काका होते, दुसऱ्या बाजूला दहावीतला पोरगा, मागे कॉलेजची टोळी. प्रत्येकाला समोरच्या संघातल्या प्रत्येक खेळाडूची कुंडली पाठ. कोण कुठल्या शाळेत नापास झाला, कुणाचं लग्न ठरत नाहीये, सगळं. आपण टीव्हीवर माद्रिद किंवा मँचेस्टर बघतो तेव्हा शिव्या घालतो, पण त्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. इथे ज्याला शिवी घातली तो संध्याकाळी चहाच्या गाडीवर भेटणार असतो.

पूर्वार्ध कोराच गेला. उत्तरार्धाला दहाएक मिनिटं झाली असतील, रूममेटच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू वरून आला, गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि जाळ्यात.

‘गोऽऽल!’

हा माझाच आवाज होता. आमच्या बाजूला फक्त माझाच.

हलगी थांबली. पाच-पन्नास माना माझ्याकडे वळल्या. मागच्या टोळीतल्या एकाने शांतपणे विचारलं, ‘कुठला रं तू?’

‘नागपूर.’

‘मंग हितं काय करतोयस?’

मामा उभे राहिले. ‘पाव्हणा हाय माझा. भाच्याचा दोस्त हाय. काय करता आता?’ दोन सेकंद शांतता, मग हशा. ‘पाव्हण्याला पाणी द्या, घसा बसला असंल,’ कुणीतरी म्हणालं. शिक्षा म्हणून माझ्या हातात हलगी देण्यात आली. मला ती वाजवता येईना, त्यावर आणखी हशा. पुढच्या पाच मिनिटांत मी त्या टोळीतला झालो. पंचावर त्यांच्याबरोबर ओरडलो. त्यांच्या संघाने बरोबरी साधली तेव्हा सगळे उड्या मारत होते आणि, खरं सांगतो, मीही मारत होतो. का, ते विचारू नका. तिथे बसलेल्याला शांत राहताच येत नाही.

साठाव्या मिनिटाला रूममेट मैदानात उतरला. वर्षभर वाट बघून. मी हात हलवला, त्याचं लक्ष नव्हतं.

तो चांगला खेळला. दोनदा चेंडू काढून घेतला, एकदा गोलच्या तोंडातून बाहेर मारला. मग त्यांचा डावीकडचा पोरगा त्याला चकवून निघाला आणि याने मागून पाय घातला. तो पोरगा कोसळला, हासुद्धा घोटा धरून बसला. आमची बाजू पेटली. सगळ्यात मोठा आवाज मामांचा, सख्ख्या भाच्याला. आणि त्यांच्या शेजारी उभा राहून मी ओरडलो, ‘बाहेर काढ बे त्याला!’

ज्याच्यासाठी चोवीस तासांहून जास्त प्रवास करून गेलो होतो, त्यालाच!

बारा मिनिटं

तेवढ्यात बाटली गेली. पाण्याची, अर्धी भरलेली. माझ्या खालच्या दुसऱ्या पायरीवरून एका पोराने फेकली, असेल सतरा वर्षांचा. ती लाइनमनच्या खांद्याला लागली. समोरून उत्तर म्हणून दोन बाटल्या आणि एक दगड आला. दोन्हीकडून पोरं जाळीवर चढायला लागली. दोन्ही पेठांची म्हातारी माणसं हात पसरून मधे आली, पोलीस आले. पंचाने दोन्ही संघांना मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं, थोडा वेळ वाट बघितली आणि लांब शिट्टी मारली. सामना संपला. एक-एक. अजून बारा मिनिटं बाकी होती.

बाटली फेकणाऱ्या पोराचं तोंड मला दिसत होतं. तो घाबरला होता. शेजारचे काका त्याला एवढंच म्हणाले, ‘नाव लागलं की गेलास.’ नंतर मामांनी त्याचा अर्थ सांगितला. गुन्हा दाखल झाला की मग पासपोर्टची पोलीस पडताळणी आली, सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी आली. बाटली फेकायला एक सेकंद लागतो आणि मग दर अर्जावर तेच उत्तर लिहायचं. शिवाय असे प्रकार वाढले की सामने थांबतात, स्पर्धा अडकतात आणि वर्षभर पहाटे उठून पळालेली पोरं घरी बसतात.

रूममेटला वर्षभरानंतर अठरा मिनिटं मिळाली. उरलेली बारा त्या बाटलीने खाल्ली. फेकणाऱ्याला ते माहीतही नसेल. तो काही फार वाईट पोरगा असेल असं मला वाटत नाही. त्याच्या दोन पायऱ्या वर उभा राहून मीही ओरडतच होतो. माझ्या हातात बाटली असती तर? मी फेकली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

संध्याकाळी घोट्यावर बर्फ लावून तो बसला होता. मी शेजारी बसलो. सांगावं की नाही, कळेना. तोच म्हणाला, ‘आवाज ओळखला मी. आख्ख्या मैदानात ‘बे’ म्हणून ओरडणारा दुसरा कोण असणार?’

मी सॉरी म्हटलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. ‘होतं तसं,’ म्हणाला. ‘मी पण ओरडलोय, माझ्याच चुलतभावाला.’

रात्री मामा आले. काकूंनी भावाला दारातच सुनावलं, ‘भाच्याला शिव्या घालताना लाज वाटली न्हाई?’ मामांच्या मागे तो डावीकडचा पोरगा उभा होता, ज्याला याने पाडलं होतं. घोटा कसा आहे ते बघायला आला होता. मग तांबडा-पांढरा झाला आणि जेवता जेवता दोघांनी तो फाऊल होता की नव्हता यावर तासभर वाद घातला. मिटला नाहीच.

कोलकात्यात जे झालं

हा वेडेपणा कुठवर जाऊ शकतो, ते कोलकात्याने बघितलंय. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक मेले. सामना बघायला गेलेली माणसं घरी परतली नाहीत.

त्याच कोलकात्यातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी अशी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टला ठरलेला ड्युरँड कपमधला याच दोन संघांचा सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाला. तरीही दोन्ही संघांचे चाहते सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, मोहम्मेडनचे चाहतेही आले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात बघणारी माणसं त्या दिवशी एकाच मागणीसाठी खांद्याला खांदा लावून उभी होती. ओरडायची सवय तीच, माणसंही तीच.

आणि आपण?

परतीच्या गाडीत मला एक गोष्ट टोचत होती. कोल्हापुरातल्या दहावीच्या पोराला समोरच्या संघाचे अकरा खेळाडू पाठ होते. मला नागपूरच्या एकाही क्लबचा एक खेळाडू सांगता येत नव्हता. रिअल माद्रिदचे मात्र बाकावरचेही येतात!

फुटबॉल आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? कामठीचा रब्बानी क्लब आहे, यंग मुस्लिम आहे, राहुल क्लब आहे, रेल्वेचा एसईसीआर आहे. जिल्हा संघटनेची लीग आहे. २००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या पोरांना पावसात तुटक्या बादलीने खेळताना बघितलं आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. ते नागपुरातच. २०२२ चा ‘झुंड’ बघायला आपण थिएटरात शिट्ट्या मारल्या. पण त्या पोरांचा खरा सामना बघायला किती जण गेलो?

जून २०१८ मध्ये मुंबईत भारताचा सामना जवळपास रिकाम्या गॅलरीसमोर झाला होता. तेव्हा सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, अशी त्याची विनवणी होती. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याला स्टेडियम भरलं. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता.

मागच्या महिन्यात मी लीगचा एक सामना बघायला गेलो. प्रेक्षक मोजले, सत्तर-ऐंशी भरले. हलगी नव्हती, पोलिसांची गाडी नव्हती. शेजारी बसलेल्या काकांना विचारलं, ‘तुम्ही कोणाकडून?’ ते म्हणाले, ‘निळ्यातला सात नंबर पोरगा आहे माझा.’ मग मीही निळ्यांकडून झालो. गोल झाला तेव्हा आम्ही दोघं ओरडलो. सात नंबरने वर बघितलं.

पुढच्या सुट्टीत रूममेट नागपुरात थांबणार आहे. त्याला मी मॅचला नेणार आहे आणि मुद्दाम समोरच्या संघाच्या लोकांत बसवणार आहे. बाटली मात्र बाहेर ठेवून.