लांडग्याला झूल, पक्ष्याला चिलखत!

ऑनलाइन खेळांतल्या सोबत्यांना नटवण्यात मुलं तासन् तास रमतात. हा नुसता नाद की माया? आणि त्याचं बिल कोण भरतं?

‘अरे, बँकेचे मेसेज बघून माझे हातपाय गार पडलेत. तीन दिवसांत सात वेळा पैसे गेले!’

इंदूरहून ताईचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. एकूण रक्कम २,४०० रुपये. ताईला वाटलं, कुणीतरी कार्डाचा नंबर पळवला. मी तिला कार्ड बंद करायला सांगत होतो, तेवढ्यात मागून बारा वर्षांच्या भाचेबुवांचा रडवेला आवाज आला, ‘आई, मी घेतलं. लांडग्याला झूल घेतली.’

आता बोला! घरात लांडगा नाही, झूल नाही, पैसे मात्र गेले.

पुढच्याच आठवड्यात कामानिमित्त इंदूरला जाणं झालं. भाच्याला दोन शब्द सुनवायचे असं ठरवूनच गेलो होतो. ‘दाखव बघू तुझा लांडगा,’ म्हटलं. त्याने फोन पुढे केला. पडद्यावर एक योद्धा आणि त्याच्या पायाशी तपकिरी रंगाचा, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेला लांडगा. पाठीवर लाल झूल, गळ्यात चामडी पट्टा.

‘मामा, ओळखलास?’

ओळखला. तो साताऱ्याचा मोती होता. दाजींची बदली झाली, इंदूरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला आणि मोतीला आजोबांकडे ठेवून यावं लागलं. नवी शाळा, नवी भाषा, मित्र अजून जमलेले नाहीत. पोराने खेळातल्या लांडग्यालाच मोतीसारखं रंगवलं होतं. सुनवायचे दोन शब्द घशातच राहिले. हा प्रकार आहे तरी काय, ते नीट समजून घ्यायचं मी ठरवलं.

सोबती म्हणजे कोण?

भूमिका वठवण्याच्या ऑनलाइन खेळात खेळणारा एक पात्र घेतो – योद्धा, वैद्य, तिरंदाज – आणि इंटरनेटवरून हजारो जणांबरोबर एकाच काल्पनिक जगात वावरतो. पण रात्री-अपरात्री प्रत्येक वेळी मित्र हजर असतोच असं नाही. म्हणून खेळ त्याला एक सोबती देतो. हा सोबती संगणक चालवतो. तो माणूस असेल, पक्षी असेल, यंत्रमानव असेल. तो लढतो, जखमा भरतो, कधी गप्पाही मारतो. त्याला शस्त्रं द्यायची, चिलखत चढवायचं, रंग आणि केस बदलायचे, हे सगळं खेळणाऱ्याच्या हाती.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर, इतरत्र श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. झूल घातल्याने बैल जास्त नांगरतो का? नाही. तरी ज्याने आपल्याबरोबर वर्षभर राबावं, त्याला एक दिवस नटवल्याशिवाय शेतकऱ्याला चैन पडत नाही. पडद्यावरच्या सोबत्याला नटवण्यामागची भावना फार वेगळी नाही.

फळं खाऊन रंग बदलणारा पक्षी

जपानच्या ‘फायनल फँटसी’ या खेळमालिकेत चोकोबो नावाचा घोड्याएवढा पिवळा पक्षी आहे. १९८८ सालच्या दुसऱ्या खेळात तो प्रथम दिसला आणि मालिकेचं लाडकं चिन्हच बनला. मालिकेतला चौदावा खेळ ऑनलाइन. २०१० मध्ये आला तेव्हा तो सपशेल आपटला. कंपनीने नाओकी योशिदा या निर्मात्याला कामाला लावून तो जवळजवळ नव्याने बांधला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा आणला. तेव्हा मात्र तो जगभर चालला.

यात विसाव्या पातळीला, तीनपैकी एका सेनेत भरती झाल्यावर स्वतःचा चोकोबो मिळतो. त्याचं बारसं आपणच करायचं. तिसाव्या पातळीपासून तो लढाईतही साथ देतो. त्यासाठी त्याला त्याच्या आवडीचा हिरवा पाला द्यावा लागतो. एका जुडीत अर्धा तास सोबत! रक्षण करायचं, हल्ला करायचा की मालकाच्या जखमा भरायच्या, हेही त्याला शिकवता येतं.

त्याच्या चिलखताचे तीन भाग असतात – डोकं, अंग आणि पाय. एका संचातलं शिरस्त्राण, दुसऱ्यातले पायातले जोड अशी सरमिसळ चालते. काही संच खेळातली कामं करून मिळतात, काही कारागीर पात्रं बनवतात, काही सणासुदीला येतात, काही रोख पैशाने विकत मिळतात. पण या चिलखताने पक्ष्याची ताकद कणभरही वाढत नाही. ती निव्वळ हौस.

खरी गंमत रंगाची. चोकोबोला तबेल्यात नेऊन फळं चारायची. एका जातीचं सफरचंद लाल छटा वाढवतं आणि हिरवी-निळी कमी करतं. नासपतीने हिरवा चढतो, बोरासारख्या फळांनी निळा. किती फळं, कोणत्या क्रमाने, याचं गणित मांडूनच हवा तो रंग साधतो. शेवटचं फळ दिल्यावर सहा तास थांबायचं, मग नवी पिसं येतात. हिशेब चुकला, तर आकाशी निळ्याच्या जागी भलताच रंग! मग पुन्हा वहीत बेरीज-वजाबाकी. मुलांना लाल-हिरव्या-निळ्याचं मिश्रण शिकवायला याहून चांगला फळा नाही.

थोरल्याचा सदरा धाकट्याला

सोबत्याचा पोशाख केवळ शोभेचा असावा की ताकदीचा? या प्रश्नाने ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ या अमेरिकन खेळाचं रूपच पालटलं. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या या खेळात सुरुवातीला आठ प्रकारचे नायक होते आणि प्रत्येकाला पाच-पाच सोबती. प्रत्येक सोबत्याच्या हातमोज्यापासून शस्त्रापर्यंत सगळ्याला आकडे असायचे. चांगलं चिलखत घातलं की सोबती बळकट. मग व्हायचं असं, की नायकाला नवं चिलखत मिळालं की जुनं सोबत्याकडे जायचं. आपल्याकडे थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो ना, अगदी तसंच!

पण पाच जणांना सजवता-सजवता खेळणारे मेटाकुटीला येत. एकालाच चांगलं सजवायचं आणि बाकीचे चौघे जहाजावर बसून. ऑक्टोबर २०१५ मधल्या मोठ्या बदलात निर्मात्यांनी पोशाखातून ताकदीचे आकडे काढूनच टाकले. आता सोबत्याला काहीही घाला, ताकद ठरते ती तुमच्या आणि त्याच्या नात्यावरून. त्याच्याशी बोला, त्याला आवडणाऱ्या भेटी द्या, सोबत घेऊन फिरा. जवळीक वाढेल तसा तो अधिक कामाचा ठरतो.

काहींना हायसं वाटलं, कारण आता मनासारखं नटवता येऊ लागलं. काही हिरमुसले, मेहनतीने मिळवलेलं चिलखत आता नुसतं कापड उरलं, अशी त्यांची तक्रार. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण पालकांच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. पोशाख शोभेचा असेल, तर तो न घेणारं मूल खेळात मागे पडत नाही. पोशाखातच ताकद असेल आणि तो पैशाने मिळत असेल, तर खेळ कौशल्याचा राहत नाही, खिशाचा होतो.

अडीच डॉलरची झूल

या बाजाराची गोष्ट सांगताना एका घोड्याला विसरून चालणार नाही. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळाच्या निर्मात्यांनी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. हा खेळ ऑनलाइन नव्हता, एकट्याने खेळायचा होता. लोकांनी खिल्ली उडवली – न दिसणाऱ्या घोड्याच्या न दिसणाऱ्या कपड्याला पैसे? कंपनीनेही पुढे २००९ च्या एक एप्रिलला त्याची किंमत गमतीने दुप्पट केली.

पण हसणारे हसत राहिले आणि बाजार वाढत गेला. एप्रिल २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तारकांनी चमचमणारा पंखांचा घोडा आला. किंमत २५ डॉलर. इतर घोड्यांपेक्षा तो वेगाने धावत नव्हता. तरीही कंपनीच्या ऑनलाइन दुकानापुढे रांग लागली!

त्यानंतर आलं नशिबाचं चाक. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला चीनचा ‘गेनशिन इम्पॅक्ट’ आपल्याकडची मुलंही फोनवर खेळतात. चार जणांची टोळी घेऊन हिंडायचं. प्रत्येकाला एक शस्त्र आणि फूल, पीस, वाळूचं घड्याळ, पेला, मुकुट अशा पाच वस्तू द्यायच्या. या वस्तूंचे गुण नशिबाने ठरतात, त्यामुळे मनाजोगता संच जमायला आठवडेच्या आठवडे जातात. ते फुकटात होतं, पण वेळ खातं.

नवा सोबती मात्र सोडतीतून येतो. पंचतारांकित सोबती निघण्याची मूळ शक्यता दर वेळी ०.६ टक्के. नव्वदाव्या प्रयत्नाला तो नक्की मिळतो, पण आपल्याला हवा तोच मिळेल असं नाही. एका प्रयत्नाला १६० रत्नं, म्हणजे नव्वदांना १४,४००. पैशांचे आधी स्फटिक घ्यायचे, स्फटिकांची रत्नं, रत्नांची सोडतीची तिकिटं. तीन वेळा मोड केल्यावर मूळ रुपये किती गेले, हे मोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही, तिथे पोरांची काय कथा!

याच मुद्द्यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या खेळाच्या कंपनीला धरलं. अनेक आरोप चुकीचे असल्याचं सांगत कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दोन कोटी डॉलर भरण्याची तडजोड केली. पालकांच्या संमतीविना सोळा वर्षांखालील मुलांना अशी सोडत विकायची नाही, अशी अटही त्यात आहे. चीनने २०१७ पासूनच सोडतीतल्या शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन चालणाऱ्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. लांडग्याच्या झुलीवर नजर ठेवायची, तर ती घरातच ठेवावी लागेल.

दुसरी बाजूही आहे

२००९ च्या अखेरीस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एक गुबगुबीत पांडा-संन्यासी दहा डॉलरला विकायला आला. वर्षअखेरपर्यंतच्या विक्रीतली निम्मी रक्कम गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या ‘मेक-अ-विश’ संस्थेला मिळाली. अकरा लाख डॉलरहून अधिक पैसे जमले!

याच खेळात मात्स स्टीन नावाचा नॉर्वेचा तरुण ‘इबेलिन’ या नावाने वावरत असे. स्नायू दुबळे करत नेणाऱ्या डुशेन या आजाराने त्याला खुर्चीला खिळवलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. पोराला मित्रच नव्हते, या विचाराने आई-वडील खचले होते. पण त्याच्या जाण्याची बातमी त्यांनी कळवताच ठिकठिकाणच्या लोकांची पत्रं येऊ लागली. आपल्या मुलाने कितीजणांना धीर दिला होता, हे तेव्हा कुठे त्यांना उमगलं. त्याच्यावर २०२४ मध्ये माहितीपट आला आणि त्याच्या आठवणीत खेळात एक छोटा कोल्हा सोबती म्हणून विकला गेला. ते पैसे या आजारावरच्या कामाला दिले गेले.

घरात काय करायचं?

सरसकट बंदी घालून काही साधत नाही. काही साध्या गोष्टी मात्र आजच कराव्यात. मुलाच्या हातातल्या फोनवर कार्ड किंवा खातं जोडून ठेवू नका. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करा. खेळासाठी महिन्याची रक्कम ठरवा आणि हिशेब मुलालाच लिहू द्या.

आणि खरेदीआधी त्याला तीन प्रश्न विचारा. या वस्तूने ताकद वाढते की नुसतं रूप? ठरलेल्या किमतीला मिळते की सोडतीत? आणि उद्या खेळच बंद पडला तर? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ डिसेंबर २०११ मध्ये आणि ‘सिटी ऑफ हीरोज’ नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपन्यांनी बंद केले, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं एका दिवसात दिसेनासं झालं. अशा वस्तूंची आपल्याला मालकी मिळत नाही, वापरायची परवानगी मिळते.

चौथा प्रश्न मात्र आई-वडिलांनी स्वतःला विचारायचा – पोरगं या सोबत्यात कुणाला शोधतंय?

ताईने तो विचारला. भाचेबुवांच्या खाऊच्या पैशांतून दरमहा २०० रुपये कापायचे ठरले. वर्षभरात २,४०० फिटतील. फोनवरचं कार्ड निघालं. लांडगा मात्र राहिला, झुलीसकट. आणि मे महिन्याच्या सुट्टीत भाचेबुवांना पंधरा दिवस साताऱ्याला पाठवलं.

तिथून त्याचा फोन आला. आजीच्या जुन्या लुगड्याची लाल झूल शिवून त्याने मोतीच्या पाठीवर बांधली होती.

‘मग? कसा दिसतोय?’ मी विचारलं.

‘दिसतोय कसला! दोन मिनिटांत फाडून टाकली त्याने. आणि मामा, वर माझ्या अंगावर उड्या मारतोय!’

पलीकडून मोतीचं भुंकणं आणि पोराचं हसणं, दोन्ही एकदमच ऐकू येत होतं.