बोर्डिंगमधून काढून टाकलेला मुलगाच पुढे झाला कर्मवीर!

हॉलिवूडच्या सिनेमात कॉलेजची मुलं एका मोठ्या बंगल्यात राहतात आणि दारावर ग्रीक अक्षरं असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची सोरोरिटी. कॅनडात हा प्रकार १८७९ मध्ये टोरोंटो विद्यापीठात 'झीटा साय'पासून सुरू झाला. एकदा सभासद झालात की आयुष्यभराचे भाऊ. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. रूम पार्टनरचं नातं डिग्रीनंतर संपतं थोडंच!

पण आत कोणाला घ्यायचं, हा प्रश्न तिकडेही होता. अनेक फ्रॅटर्निटींनी वर्ण आणि धर्म पाहून दारं बंद ठेवली.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जातात ती कोल्हापूरची बोर्डिंगं. खेड्यातल्या मुलाला शहरात ना खोली मिळायची, ना जेवण. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी जागा आणि अनुदान देऊन एकेका समाजाला वसतिगृह काढायला लावलं. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. सोय झाली, पण ताटं जातीप्रमाणे वेगळीच राहिली.

जैन बोर्डिंगमध्ये तेव्हा भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला जाऊन आला. आता आंघोळ केल्याशिवाय आत येऊ नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने आंघोळ करायला साफ नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याची हकालपट्टी झाली. त्याला काढणारे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. म्हणजे ती माणसंही साधीसुधी नव्हती!

भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. एकच चूल, एकच पंगत, आणि कामं मुलांनीच करायची.

मुलांच्या जेवणाची जबाबदारी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर होती. त्या सोवळं पाळणाऱ्या घरातल्या, तरी या मुलांना त्यांनी पोटच्या पोरांसारखं वाढलं. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने गेलेच, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.