स्टीव्हन्सबाईंचं विसावं गुणसूत्र

मेंडेलचे वाटाणे आणि मॉर्गनच्या माश्या आपण शाळेतच शिकलो. या दोघांच्या मध्ये पिठातल्या अळ्यांचा एक भुंगेरा येतो. तो पाहणाऱ्या नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा मला कॉलेजपासून ध्यास लागला आहे.

1861 साली व्हरमाँटमध्ये एका सुताराच्या घरी जन्म. शिक्षिकेच्या पगारातून पैसे साठवून स्टॅनफर्डला पोचल्या, तोवर पस्तिशी गाठली होती. मग ब्रिन मॉर कॉलेज, टॉमस हंट मॉर्गन यांच्यासारखा गुरू, नेपल्स, वुर्झबर्गला बोव्हेरींची प्रयोगशाळा आणि 1903 साली डॉक्टरेट. कार्नेगी संस्थेकडे त्यांनी अनुदान मागितलं, तेव्हा मॉर्गननी शिफारस केली. बारा वर्षांतल्या आपल्या संशोधक विद्यार्थ्यांत इतकं सक्षम आणि स्वतंत्रपणे काम करणारं दुसरं कुणी नाही, असं त्यांनी कळवलं.

नर की मादी, हे खाण्यापिण्यावर आणि तापमानावर ठरतं, असं तेव्हा अनेक जाणते मानत. मॅक्क्लंग या संशोधकाने 1902 साली एका जादा गुणसूत्राकडे बोट दाखवलं होतं, पण त्यामुळे नर होतो असा उलटा तर्क केला. बाईंनी 1905 साली टेनेब्रिओ या भुंगेऱ्याच्या नर-मादी दोघांच्याही पेशी पाहिल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रं. नरात मोठी एकोणीस, आणि विसावं अगदी चिमुकलं. निम्म्या शुक्राणूंत हे चिमुकलं जातं, निम्म्यांत त्याचा मोठा जोडीदार. अंडपेशी मात्र सगळ्या सारख्याच. चिमुकलं आलं तर नर, मोठं आलं तर मादी. म्हणजे निर्णय शुक्राणूचा. माणसातही गणित हेच आहे. तरीही मुली झाल्या म्हणून आपल्याकडे सुनांना घराबाहेर काढलं गेलं, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 साली महाराष्ट्राला देशातला पहिला कायदा करावा लागला. हे आठवलं की माझा संताप आवरत नाही.

1905 सालीच कोलंबिया विद्यापीठाचे ई. बी. विल्सन ढेकणांच्या जातकुळीतल्या कीटकांवर काम करून स्वतंत्रपणे बाईंच्याच निष्कर्षापाशी पोचले. त्यांचा लेख थोडा आधी छापून आला. विल्सन प्रामाणिक गृहस्थ; बाईंच्या कामाची नोंद त्यांनी केली. पण सुरुवातीला त्यांनी बाह्य परिस्थितीलाही जागा ठेवली होती. बाईंचा निष्कर्ष जास्त थेट होता, असं माझं मत आहे. तरी श्रेय बहुतेक विल्सनना मिळालं, कधीकधी तर मॉर्गनना. हे मला अजिबात पटत नाही. गुणसूत्रांवर आनुवंशिकतेचा भार टाकायला मॉर्गन 1910 पर्यंत, पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडेपर्यंत, तयार नव्हते.

4 मे 1912 रोजी स्तनाच्या कर्करोगाने बाल्टिमोरमध्ये बाई गेल्या. वय पन्नास. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी संशोधन-प्राध्यापकाचं पद निर्माण केलं होतं, त्यावर त्यांना रुजू होता आलं नाही. ‘सायन्स’मध्ये मृत्युलेख लिहिला मॉर्गननी. त्यात बाईंच्या निष्ठेचं आणि चिकाटीचं कौतुक आहे. महत्त्वाच्या शोधात त्यांचा वाटा होता एवढंही कबूल केलं आहे. त्यांचे बारीकसारीक तपशील मात्र काळाच्या ओघात सर्वसाधारण ज्ञानात मिसळून जातील, असं म्हटलं आहे. 1903 च्या शिफारशीशेजारी ठेवून हा मजकूर वाचला की हात फार आखडलेला दिसतो.

मला विचाराल तर ते तपशील हाच पुरावा होता. एका किड्यावर सिद्धांत उभा राहत नाही, हे बाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी भुंगेऱ्यांच्या सुमारे पन्नास जाती तपासल्या, माश्यांच्या नऊ. 1908 साली छापलेल्या त्या माश्यांवरच्या अभ्यासात ड्रोसोफिलाही होती, जिच्यावरच्या कामासाठी पुढे 1933 साली मॉर्गनना नोबेल मिळालं.