हिवतापाचे औषध मेंदूला बाधते का?

पावसाळा सरता सरता थंडी वाजून तापाचे रुग्ण दिसू लागतात. रक्त तपासले, हिवताप निघाला, औषध सुरू झाले. दुसऱ्या दिवशी रुग्ण म्हणतो, "कानात गुणगुण होते, डोके गरगरते." घरच्यांना वाटते, औषध डोक्यात गेले! मग औषध बंद होते. ही चूक जिवावर बेतू शकते.

शंका अगदीच निराधार नाही. क्विनीनमुळे कानात आवाज येतो, ऐकू कमी येते. औषध थांबल्यावर बहुधा हा त्रास जातो. क्विनीनने रक्तातील साखरही उतरते आणि रुग्णाला गुंगी येते. मेफ्लोक्विनने काहींना भयंकर स्वप्ने पडतात, भ्रम होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला.

आर्टीथर व आर्टिमेथर या इंजेक्शनांबाबतही भीती होती. मोठ्या मात्रेत ती दिलेल्या उंदरांच्या व कुत्र्यांच्या मेंदूच्या बुंध्यास इजा झाल्याचे 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. तोल व श्रवण सांभाळणाऱ्या पेशी तिथेच असतात. माणसांचे काय? व्हिएतनाममध्ये गंभीर हिवतापाने दगावलेल्यांचे मेंदू तपासले गेले. आर्टिमेथर घेतलेल्यांत तशी वेगळी इजा आढळली नाही.

ही पारख सोपी नसते, कारण फाल्सिपेरम हिवताप स्वतःच मेंदूवर हल्ला करतो. दोष रोगाचा की औषधाचा? म्हणून शक्य असेल तेव्हा डॉक्टर औषधापूर्वी आणि नंतरही पाहतात: रुग्ण सरळ रेषेत चालतो का, डोळे मिटून तोल राहतो का, बोट नेमके नाकाला लागते का, बुबुळे थरथरतात का, ऐकू नीट येते का. आधीची नोंद नसेल, तर नंतरच्या दोषाचा उलगडा होत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. भारतासह चार आशियाई देशांतील 1461 गंभीर रुग्णांच्या 2005 च्या अभ्यासात क्विनीन घेतलेले 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेले 15 टक्के.

तेव्हा वाचकहो, फेफरे किंवा मानसिक आजार पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्रास झाला तर औषध आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना विचारा. रुग्ण बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा. तिथे औषधापेक्षा रोगाचेच भय मोठे!