परतणारे रक्त आणि ओझोनची मात्रा

हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की ती लवकरात लवकर मोकळी करणे, हाच जीव वाचविण्याचा मार्ग. परंतु या उपचारातच एक विरोधाभास दडलेला आहे. रक्ताविना तळमळणाऱ्या पेशींकडे रक्त परतते, तेव्हा एकाएकी लाभलेल्या प्राणवायूपासून दाहक मुक्त मूलकांचा लोंढा उसळतो. पेशींत कॅल्शियम साचते आणि वाचू शकणाऱ्या काही पेशीही मरतात. यकृत व मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणातही ही इजा संभवते. एकच प्राणवायू एका अपेक्षेने तारक, तर दुसऱ्या अपेक्षेने मारक! अनेकान्ताचे संस्कार झालेल्या मनाला हे नवल वाटू नये.

यावर उपाय शोधताना १९८६ मध्ये अमेरिकेतील मरी, जेनिंग्स आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तप्रवाह आधी पाच-पाच मिनिटे असा चार वेळा थांबविला. नंतर तो चाळीस मिनिटे रोखला असता, पूर्वतयारी नसलेल्या हृदयांच्या तुलनेत इजा सुमारे चतुर्थांशच झाली. अल्प त्रासाने पेशी मोठ्या संकटासाठी सज्ज झाल्या होत्या. हे ज्ञान मुक्या जीवांच्या वेदनेतून आले, याचे भान मात्र सुटू नये.

पुढे क्यूबातील संशोधकांनी हेच तत्त्व ओझोनला लावले. तीन अणूंचा हा वायू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना अपायकारक. परंतु अल्प, मोजक्या मात्रेत तो उंदरांच्या गुदमार्गे अनेक दिवस दिला असता सौम्य ताण निर्माण होऊन सुपरऑक्साइड डिसम्यूटेजसारखी संरक्षक विकरे टिकून राहिली आणि रक्त परतल्यावर यकृताची हानी कमी झाली.

तथापि उंदरांत दिसलेले माणसांत दिसेलच असे नाही. दंडावरील पट्टा आवळून-सैल करून हृदयाला सज्ज करण्याचा उपाय प्राण्यांत आशादायक ठरला होता. पण पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील २०१९ च्या युरोपीय चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही. ओझोनची तर एवढी मोठी परीक्षाही झालेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा नियम त्याला ज्ञात वैद्यकीय उपयोग नसलेला विषारी वायू मानतो.

म्हणून ओझोनचा उपचार कोणी सुचविल्यास प्रथम आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारावे. छातीत कळ आल्यास तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. परतणारे रक्त थोडी इजा करते खरे. पण न परतणारे रक्त जीवच घेते.