पाटनचेरूचं पाणी आणि यकृताची साक्ष
हैदराबादजवळच्या पाटनचेरूत सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येत असे. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचं स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटानं 2007 मध्ये दाखवलं. रसायनांची यादी मात्र कितीही लांबली, तरी प्राण्याच्या शरीरात काय घडतं ते सांगत नाही. ते यकृत सांगतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच पाणी 500 पट पातळ करून त्यात रेनबो ट्राउट मासे ठेवले, तरीही त्यांच्या यकृतातल्या सायटोक्रोम पी-450 1ए या विकराचं काम वाढलं. डायॉक्सिन, पीसीबी यांसारखी प्रदूषकं पेशीत शिरली की या कुळातली विकरं वाढतात. म्हणूनच उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्सवरच्या हेरिंग गल पक्ष्यांतही ती मोजली गेली.

विकर वाढणं हा तर शरीराचा बचावच, असं कोणी म्हणेल. ते अर्धंच खरं. बेन्झोपायरीन या प्रदूषकावर याच विकराची क्रिया झाली की डीएनएला चिकटणारे घातक पदार्थ तयार होऊ शकतात. ट्राउट हा पाटनचेरूजवळच्या मांजरा नदीतला मासा नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपायही सरळ आहे: मांजरेला मिळणाऱ्या नक्कावागू ओढ्यातल्या स्थानिक माशांची यकृतं पाण्याच्या नमुन्यांइतकीच नियमित तपासावीत, कारण बगळे आणि पाणकावळे तेच मासे खातात.