सुरीचें म्यान सैल कां होतें?

कर्जतहून मुरबाडकडे जातांना कशेळे हें गांव लागतें. तेथून एक फांटा खांडसमार्गें भीमाशंकराच्या पायथ्याकडे वळतो. आसपासच्या वाड्यांतील ठाकर व कातकरी मंडळींच्या कमरेस पाठीमागें लाकडाची आकडी बांधलेली असते व तींत कोयता अडकविलेला दिसतो. साधन ओबडधोबड खरें. पण त्यामागील युक्ति ध्यानांत घेतली, तर आपल्या स्वयंपाकघरांतील एका धोक्याचा उलगडा होतो.

हल्लीं भाजीच्या सुरीबरोबर पुष्कळदां प्लॅस्टिकचें म्यान मिळतें. नवें असतां तें इतकें घट्ट बसतें कीं, ओढून काढावें लागतें. पुढें मात्र सुरी हातीं घेतांच तें गळून पडूं लागतें. आपण कारागिरास दोष देतों; परंतु कारण त्या पदार्थाच्या स्वभावांतच आहे.

अशा म्यानाची फट पात्याच्या जाडीहून किंचित् अरुंद ठेविलेली असते. पातें आंत शिरलें कीं भिंती फांकतात व पूर्वस्थितीस येण्याच्या ओढीनें त्यास चिमटींत धरतात. पोलादाची कमान असा ताण वर्षानुवर्षें सोसते. प्लॅस्टिकला तें साधत नाहीं. त्याचे लांबलचक रेणु हळूहळू एकमेकांवरून सरकतात व फांकलेली स्थितीच कायमची होऊन बसते. इटलींतील शास्त्रज्ञ नात्ता यांनीं १९५४ सालीं ज्याचा स्फटिकमय प्रकार सिद्ध केला, त्या पॉलिप्रॉपिलीनचाहि हाच गुण आहे. शेगडीची धग व वैशाखांतील ऊन यांनीं ही क्रिया वाढते. शिवाय रोजच्या काढघालींत धार भिंतीस लागून ती आंतून तासली जाते, तें निराळेंच.

आकडीचें तसें नाहीं. ती कोयत्यास चिमटींत धरीत नाहीं. कोयता स्वतःच्या वजनानें तींत राहतो. भोंक थोडें झिजलें, तरी पृथ्वीची ओढ कांहीं कमी होत नाहीं.

आमच्या मतें सैल म्यान हें म्यान नसण्याहून वाईट. उघडी सुरी दिसली कीं आपण जपतों. म्यानांतली सुरी मात्र निर्धास्तपणें उचलतों, आणि घरांतलें मूलहि तसेंच उचलतें. यास्तव आमच्या भगिनींनीं महिन्यांतून एकदां पुढील परीक्षा करावी. ओट्यावर जाड फडक्याची घडी ठेवून, मूठ वर व टोंक खालीं अशी म्यानासह सुरी धरावी, दुसरा हात दूर ठेवावा आणि हलकेच झटका द्यावा. म्यान पडलें, तर तें टाकून द्यावें. दोरा किंवा कागद गुंडाळून त्याचें आयुष्य वाढवूं नये. सुरी मुलांच्या हातीं न लागेल अशा जागीं, खांचा असलेल्या लाकडी ठोकळ्यांत, मूठ वर करून ठेवावी. तो ठोकळा म्हणजे स्वयंपाकघरांतील आकडीच होय.